सर्पदंश आणि विंचूदंश: लक्षणे कशी ओळखावीत, उपचार कसे व्हावेत

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की भाताची लावणी चालू असताना त्यांच्या वडिलांना बांधावर पान लागले, म्हणजे साप चावला. साप कोणी नीट पाहिला नाही. घोट्याजवळ दोन दातांच्या खुणा नव्हत्या, एक बारीक ओरखडा तेवढा होता. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून त्यांना पुढे पाठवले गेले आणि लस मिळेपर्यंत पाच तास उलटले. वडील वाचले. आता त्यांना जाणून घ्यायचे आहे की दंश विषारी आहे हे घरच्यांनी कसे ओळखावे, दवाखान्यात नेमके काय व्हायला हवे होते, विंचवाला तीच लस चालते का, आणि वडिलांच्या पायाला संध्याकाळी अजून सूज का येते. मी कोकणातल्या ग्रामीण भागात अनेक वर्षे असे रुग्ण पाहत आलो आहे. उत्तर लांबणार आहे, कारण यातील अर्धवट माहितीच माणसे दगावण्यास कारणीभूत होते.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की दंश विषारी आहे किंवा नाही याचा निर्णय सापावरून किंवा दातांच्या खुणांवरून करायचा नसतो, तो रुग्णाच्या शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांवरून करायचा असतो. दोन ठळक खुणा म्हणजे विषारी आणि अनेक बारीक खुणा म्हणजे बिनविषारी हा पाठ शाळेत सर्वांनी गिरवलेला आहे, पण प्रत्यक्षात तो फसवा आहे. साप तिरका चावला तर एकच खूण उमटते, मधे कापड आले तर ओरखडा उठतो, आणि मण्यारीचे दात इतके बारीक असतात की भिंगाखालीही पुष्कळदा काही सापडत नाही. उलट विषारी साप चावूनही विष सोडत नाही असे अनेकदा घडते. अशा कोरड्या दंशाचे रुग्णच मांत्रिकाकडे ‘उतरतात’ आणि त्याची ख्याती पंचक्रोशीत पसरवतात. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात आणण्याचा आग्रहही धरू नये. त्या शोधाशोधीत वेळ जातो आणि दुसऱ्या माणसाला दंश होतो. सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर फोटो मिळाला तर तो उपयोगी पडतो, पण न मिळाल्याने उपचार अडत नाहीत.

याला एक व्यावहारिक कारण आहे. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष, म्हणजे ज्याला सगळे सापाची लस म्हणतात ते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे काम करते. म्हणून यांपैकी कोणता साप होता हे कळले नाही तरी औषध तेच राहते. नेमकी ओळख पटवण्याच्या प्रयत्नात चुकाच जास्त होतात. कवड्या हा निरुपद्रवी साप मण्यार म्हणून मारला जातो आणि मण्यारीला कवड्या समजून लोक निश्चिंत राहतात. मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात आणि डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात, तर कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात, घाबरलेल्या अवस्थेत, हा फरक कोणाच्याही ध्यानात राहत नाही. धामण आणि नाग, डुरक्या घोणस आणि घोणस यांच्याबाबत हेच होते.

मग लक्षणे कोणती पाहावीत? ती ढोबळमानाने दोन वाटांनी येतात. घोणस आणि फुरसे यांचे विष प्रामुख्याने रक्तावर आणि ऊतींवर परिणाम करते. दंशाच्या जागी तीव्र वेदना सुरू होतात, सूज तासातासाने वर चढते, काखेत किंवा जांघेत गाठ दुखू लागते, आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्यामुळे हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून किंवा सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहते. घोणसीच्या दंशात रक्तदाब कोसळू शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. फुरसे लहान असते, त्याच्या दंशाने मृत्यू तुलनेने कमी होतात, आणि म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर राहणारी माणसे ते फारसे मनावर घेत नाहीत. परंतु उपचार न झाल्यास रक्त न गोठण्याची स्थिती अनेक दिवस टिकते आणि मेंदूत रक्तस्राव होऊन धडधाकट माणूस चौथ्या-पाचव्या दिवशीही दगावू शकतो.

नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेश तोडते. सर्वांत आधी पापण्या जड होतात. रुग्ण म्हणतो की झोप येते आहे, आणि नातेवाईक त्याला झोपू देतात. नंतर एकाचे दोन दिसू लागतात, घास किंवा थुंकी गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो, मान सावरत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. नागाच्या दंशात सूज आणि वेदना असतात, त्यामुळे लोक वेळेत येतात. मण्यारीच्या दंशात जागेवर काहीच दिसत नाही, आणि ही बाब मला सर्वांत धोक्याची वाटते. मण्यार रात्री वावरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तो मध्यरात्री किंवा पहाटे पोटात मुरडा येतो, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, उलटी होते असे सांगत उठतो. घरात कोणाच्या मनात सापाचा विचारही येत नाही आणि पोटदुखीवर ओवा किंवा अॅसिडिटीची गोळी दिली जाते. पावसाळ्याच्या दिवसांत रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अकारण पोटदुखी सुरू झाली आणि त्याच्या पापण्या उतरू लागल्या, तर अंगावर एकही खूण नसली तरी ती मण्यार समजूनच त्याला हलवावे. डॉक्टरांनीही अशा रुग्णाला वर पाहायला सांगून पापण्या किती उचलल्या जातात ते पाहावे, आणि एका श्वासात मोठ्याने किती आकडे मोजता येतात ते दर अर्ध्या तासाने केसपेपरवर लिहून ठेवावे. तीसपर्यंत मोजणारा माणूस तासाभरात बारावर थांबू लागला तर श्वास थकत चालल्याचे ते स्पष्ट चिन्ह आहे, मग ऑक्सिजनचे प्रमाण अजून चांगले दिसत असले तरीही.

घरी आणि वाटेत करायच्या गोष्टी थोड्या आहेत, आणि त्या थोड्याच असाव्यात. रुग्णाला धीर द्यावा, खाली बसवावे किंवा आडवे करावे, चालू-पळू देऊ नये. हातातील बांगड्या, अंगठी, घड्याळ, पायातील जोडवी आणि पैंजण लगेच काढावेत, कारण सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोट काळे पडते. हाड मोडल्यावर जसा हात-पाय पट्टीने स्थिर करतात तसा तो फळी किंवा काठी लावून सैलसर बांधावा. दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि सूज कुठपर्यंत आली आहे तिथे पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहावी. ही रेघ पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती दूर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मोटारसायकल असेल तर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवावे म्हणजे त्याची शुद्ध हरपली तरी मागचा माणूस धरू शकतो. उलटी होत असेल किंवा गिळता येत नसेल तर कुशीवर झोपवावे आणि तोंडाने काही देऊ नये.

काय करू नये याची यादी दुर्दैवाने मोठी आहे. दोरी, रुमाल किंवा साडीचा काठ करकचून आवळू नये. त्याने विष थांबत नाही, पण रक्तपुरवठा तुटून पाय गमावण्याची वेळ येते. जखमेवर ब्लेड मारू नये, कारण ज्याचे रक्तच गोठत नाही त्याच्या अंगावर आपण नवी जखम करत असतो. तोंडाने चोखणे, कोंबडीची गुदद्वारे लावणे, चुना, बर्फ, मिरची चाखवणे, मुळ्या उगाळून पाजणे, यांतील एकाचाही उपयोग नाही. आधीच कोणी आवळपट्टी बांधली असेल तर ती मात्र वाटेत झटकन सोडू नये. दवाखान्यात शिरेत सुई लागून औषधे हाताशी आल्यावरच ती डॉक्टरांनी हळूहळू सोडावी, अन्यथा अडलेले विष एकदम शरीरभर पसरून रुग्ण क्षणात कोसळू शकतो.

आता दवाखान्याकडे वळू. येथून पुढे दिलेल्या मात्रा आरोग्य केंद्रांतील तरुण सहकाऱ्यांसाठी आहेत, घरी कोणी त्या वापरून पाहू नयेत. साप रक्तावर परिणाम करणारा होता का हे ठरवण्यासाठी एक चाचणी आहे, जिला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतून ताजे काढलेले २ मिलिलिटर रक्त घ्यावे आणि ती नळी खोलीच्या तापमानाला २० मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवावी. नंतर ती एकदाच तिरकी करावी. रक्त पाण्यासारखे वाहिले तर ते गोठत नाही असा अर्थ होतो आणि प्रतिसर्पविष द्यायलाच हवे. ही चाचणी साधी आहे, पण तिची अचूकता नळीवर अवलंबून असते. नळी काचेचीच हवी, कारण प्लास्टिकच्या संपर्कात रक्ताची गोठण्याची क्रिया नीट सुरू होत नाही. ती साबणाने धुतलेली असेल तरीही निकाल चुकतो. म्हणून अशा चार-सहा नव्या नळ्या तातडीच्या कक्षात वेगळ्या काढून ठेवाव्यात, आणि शंका असेल तर शेजारी एखाद्या निरोगी माणसाच्या रक्ताची नळी उभी करावी. पहिली चाचणी चांगली आली तरी पहिले काही तास ती पुन्हा पुन्हा करत राहावी आणि रुग्णाला किमान २४ तास घरी सोडू नये.

रक्त गोठत नसेल, पापण्या पडत असतील किंवा सूज झपाट्याने चढत असेल, तर प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या सलाईनमध्ये मिसळून साधारण अर्ध्या ते एका तासात शिरेतून द्याव्यात. हा दहाचा आकडा हवेतून आलेला नाही. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते आणि १० मिलिलिटरची एक कुपी घोणसीचे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. सापाने लहान मुलाला कमी आणि मोठ्याला जास्त विष टोचलेले नसते, म्हणून मुलांनाही मात्रा तेवढीच लागते. गर्भवतीलाही ती रोखू नये. लस पावडरीच्या रूपात असेल तर सोबतचे पाणी घालून कुपी दोन्ही तळहातांमध्ये हळुवार फिरवावी. घाईत ती जोरजोराने हलवली की फेस होतो आणि औषध वाया जाते. दंशाच्या जागेत किंवा स्नायूत लस टोचू नये. आधी त्वचेत थेंबभर टोचून पाहण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी, कारण त्या तपासणीवरून पुढची प्रतिक्रिया सांगता येत नाही आणि वेळ मात्र जातो.

लसीची प्रतिक्रिया येते हे खरे आहे. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून बनलेली असल्याने अंगावर पित्त उठणे, खाज, उलटी, छाती भरून येणे, रक्तदाब उतरणे असे प्रकार बऱ्याच रुग्णांत दिसतात. याच भीतीने अनेक ठिकाणी लस कपाटात असूनही रुग्णाला पुढे पाठवले जाते, आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत हेच घडलेले दिसते. वास्तविक या प्रतिक्रियेवरचे औषध, अॅड्रेनॅलिन, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. लस सुरू करण्याआधी प्रौढांना ०.२५ मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन त्वचेखाली दिल्यास तीव्र प्रतिक्रियांचे प्रमाण कमी होते. हृदयविकाराच्या आणि वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांत ते विचार करून द्यावे. प्रतिक्रिया आलीच तर लस थांबवावी, ०.५ मिलिग्रॅम अॅड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यावे आणि रुग्ण स्थिरावल्यावर लस पुन्हा सावकाश सुरू करावी. प्रतिक्रिया आली म्हणून लस कायमची बंद करणे म्हणजे रुग्णाला विषाच्या हवाली करणे होय. पुढे पाठवायचेच असेल तर लस सुरू करून, श्वासाची पिशवी, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याचे साधन, सोबत देऊन, कोणत्या वेळी काय दिले ते चिठ्ठीवर लिहून पाठवावे. सह्याद्रीच्या घाटातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला लागणारे दोन तास लसीविना जाणे आणि लस चालू असताना जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिल्या मात्रेनंतर रक्ताची चाचणी लगेच नव्हे, तर सहा तासांनी करायची. लस विष निष्प्रभ करते, पण गोठण्यासाठी लागणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला तेवढा अवधी लागतो. तेव्हाही रक्त गोठले नाही तर मात्रा पुन्हा द्यावी. मज्जातंतूंवर परिणाम झालेल्या रुग्णांत निओस्टिग्मिन आणि त्यासोबत अॅट्रोपिन देऊन पाहावे. नागाच्या दंशात त्याने पापण्या डोळ्यांदेखत उचलल्या जातात. मण्यारीत मात्र बहुधा गुण येत नाही, कारण तिचे विष मज्जातंतूचे टोकच उद्ध्वस्त करते आणि एकदा झालेली ती हानी लसही उलटवू शकत नाही. ते टोक पुन्हा बांधले जाण्यास दिवस लागतात, आणि तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर जगवत राहणे हाच उपचार असतो. अशा वेळी लसीच्या कुप्यांवर कुप्या ओतून काही साधत नाही, दोन मात्रांपुढे जाऊ नये.

येथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. मण्यारीच्या दंशाने पूर्ण लुळा पडलेला रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, त्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात आणि प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. तो मृत किंवा मेंदूमृत भासतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो आणि खाटेशेजारी बोललेला प्रत्येक शब्द ऐकत असतो. अशा रुग्णाला मृत समजून श्वासाची पिशवी थांबवू नये. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत नातेवाइकांना पिशवी दाबायला शिकवून, पाळीपाळीने, तासन् तास ती दाबत राहणे शक्य असते. बरे झालेल्या रुग्णांनी आपल्या खाटेभोवती कोण रडत होते आणि कोण आशा सोडा म्हणत होते हे नावानिशी सांगितलेले मी ऐकले आहे.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, अॅस्पिरिन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्राव आणि मूत्रपिंडाची हानी वाढते. धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे असते, पण रक्त गोठू लागल्याची खात्री झाल्यावर. आपल्या लसीच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. तिच्यासाठी लागणारे बरेचसे विष तामिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळ आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, म्हणून आपल्याकडच्या काही रुग्णांना अपेक्षेपेक्षा जास्त कुप्या लागतात. तसेच दक्षिण सह्याद्रीत आढळणारा उंच नाकाचा छोटा चापडा चावल्यास ही लस चालतच नाही, तेथे मूत्रपिंडे आणि रक्त सांभाळणे एवढेच हाती राहते.

विंचवाचा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे आणि सापाची लस त्यावर काही करत नाही. काळा, जाड नांग्यांचा मोठा विंचू, ज्याला अनेक ठिकाणी इंगळी म्हणतात, तो दिसायला भयंकर असला तरी त्याच्या दंशाने बहुतेक वेळा वेदनाच होतात. खरा धोका तांबूस, लहानखुऱ्या, बारीक नांग्यांच्या लाल विंचवाचा. त्याच्या दंशात एक विलक्षण विरोधाभास दिसतो. ज्याला जागेवर असह्य ठणका आहे आणि जो आरडाओरडा करतो आहे, तो सहसा सुखरूप असतो. ज्याला ठणका फारसा नाही पण जो दरदरून घामाने भिजला आहे, ज्याला उलट्या होत आहेत, लाळ गळते आहे, हातपाय बर्फासारखे गार पडले आहेत, आणि पुरुष असल्यास ज्याचे लिंग विनाकारण ताठरले आहे, त्याच्या हृदयाला धोका असतो. मुलाचे आईवडील हे शेवटचे लक्षण संकोचाने सांगत नाहीत, म्हणून कपडे काढून तपासावे. हे विष शरीरातील अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, आणि काही तासांत थकलेल्या हृदयामुळे फुप्फुसांत पाणी भरून गुलाबी फेस येऊ लागतो.

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीला सत्तरच्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हे चित्र रुग्णाच्या खाटेशेजारी बसून टिपले. १९८६ साली त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा विंचूदंशातील उपयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी गंभीर विंचूदंशाचे जवळपास तीनांपैकी एक रुग्ण दगावत, या गोळीने ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका खेड्यातल्या डॉक्टरने जगभरच्या पाठ्यपुस्तकातील उपचार बदलला याचा मला आजही मनापासून अभिमान वाटतो, आणि म्हणूनच ती गोळी एखाद्या केंद्रात शिल्लक नाही असे ऐकले की फार वाईट वाटते. मुलांना शरीराच्या दर किलो वजनाला ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने ती तोंडाने द्यावी आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा पुन्हा द्यावी. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे. मूल कडेवर उचलून घेतले तर रक्तदाब एकदम उतरून ते बेशुद्ध पडू शकते. घाम आणि उलट्यांनी पाणी गेलेले असते, तेव्हा तोंडाने किंवा शिरेतून ते भरून काढावे. घाम थांबवण्यासाठी अॅट्रोपिन, सवयीने स्टिरॉइड आणि फुप्फुसांत पाणी नसतानाच लघवी करवणारी इंजेक्शने देऊ नयेत, कारण यांतील काहींनी अपायच होतो. विंचवाच्या विषावरची वेगळी लसही आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्याच एका अभ्यासात प्राझोसिनसोबत ती दिलेले रुग्ण लवकर सावरले. परंतु ती उपलब्ध नाही म्हणून गोळीला उशीर करू नये. नुसता ठणका असेल तर जागेवर लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन पुरते.

मधमाश्यांबद्दल थोडक्यात सांगतो. आग्या मोहोळ उठले आणि शेकडो डंख बसले तर स्नायू विरघळून मूत्रपिंडे बंद पडू शकतात. म्हणून लघवी काळसर झाली तर रुग्णालय गाठावे. एकाच डंखानेही ओठ-जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे, दम लागणे, चक्कर येणे असे झाले तर ती जीवघेणी अॅलर्जी आहे आणि मांडीत तत्काळ अॅड्रेनॅलिन हाच तिचा उपचार आहे. काटा रुतला असेल तर नखाने असो की चिमट्याने, लवकर काढणे महत्त्वाचे. किनाऱ्यावर पाकट माशाचा काटा लागला, जसा २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेकांना लागला, तर चटका बसणार नाही इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना लक्षणीय उतरते. नंतर काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते पाहून घ्यावे.

देशभरात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मरतात असा २००० ते २०१९ या काळावर आधारित अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत होतात. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. नोंदीचा आपल्यालाही उपयोग आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा सर्पदंशाने किंवा विंचूदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी दवाखान्याच्या कागदांवर दंशाचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. गावात मात्र सगळ्यात जास्त फायदा खाटेवर झोपण्याचा, गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीचा, रात्री विजेरीचा आणि लावणी-कापणीत घातलेल्या गमबुटांचा होतो. मच्छरदाणी खोचलेली असली तर मण्यार आत शिरत नाही.

आता वडिलांच्या पायाविषयी. लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, पण दंशाच्या भागातील ऊतींची आणि बारीक वाहिन्यांची झालेली हानी ती भरून काढत नाही. म्हणून दिवसभर उभे राहिल्यावर सूज येणे काही आठवडे, क्वचित काही महिने चालू शकते. झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा, घोट्याचे व्यायाम करावेत, आणि जागा काळी पडली, पू झाला किंवा ताप आला तर दाखवावे. लस घेतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ आले असेल तर ते लसीचेच उशिरा आलेले लक्षण असते आणि औषधाने बरे होते. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून साप घोणस असावा असे मला वाटते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि रक्तदाब आता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहून घ्यावा. सतत थकवा, भूक मंदावणे, थंडी सहन न होणे किंवा उठताना घेरी येणे असे काही असेल तर ते वयावर ढकलू नका. घोणसीच्या गंभीर दंशानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला इजा होऊन असे घडू शकते. सकाळी कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची तपासणी केली तर ते कळते, आणि रोजच्या गोळ्यांनी माणूस पुन्हा कामाला लागतो. ही शक्यता आपल्या डॉक्टरांना दंशाच्या तारखेसह स्वतःहून सांगा, कारण त्यांना जुना सर्पदंश माहीत नसेल तर या तपासण्या करण्याचे त्यांना सुचणार नाही.